कंत्राटदार म्हणतो, ओल आधीपासूनच होती

उंबरठा | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

बाथरूमचं काम करून घेतलं. जुन्या टाइल्स फोडल्या, नळांच्या लाइनी बदलल्या, वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, शेवटी आरशाचं कपाट. काम संपून पाच आठवडे झाले. दोन-तीन बारीकसारीक गोष्टी अडकल्यात म्हणून शेवटचा हप्ता द्यायचा राहिलाय. बाथरूमच्या भिंतीपलीकडे झोपायची खोली आहे. तिथलं लाकडी फ्लोअरिंग बारा वर्षांचं, आजवर एक तक्रार नाही. परवा अनवाणी चालताना पायाला काहीतरी लागलं. वाकून पाहिलं तर भिंतीलगतच्या आठ-दहा पट्ट्यांच्या कडा वर आल्यात आणि पट्टी मध्ये खोलगट, पन्हळीसारखी. भिंतीच्या तळाशी रंगाला फुगे, एका जागी पांढरा लोणा.

कंत्राटदार येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं: "ताई, लाकूड आहे, हवामानाने हलतंच. आणि हा लोणा बघा, ओल आधीपासूनचीच आहे. आमची लाइन प्रेशर टेस्टला पास झाली होती, फोटो आहे माझ्याकडे." वर मोठेपणाने म्हणाला, उद्या माणूस पाठवतो, फ्लोअरिंग घासून सपाट करून पॉलिश मारून देतो, फुकट. तुम्ही तेवढा हप्ता मोकळा करा.

मला हे फुकटचं काम का कोण जाणे, बरं वाटत नाहीये. काय करू?

---

निवांत | सोमवार, रात्री ९:५२

उद्या माणूस येऊ देऊ नका. कारण कुणीतरी जाणकार सांगेलच. मी फक्त वेळेत सांगायला आलो.

---

ओळंबा | सोमवार, रात्री १०:२५

जाणकार वगैरे नाही, पण आयुष्य बांधकामावर गेलंय. निवांत यांच्याशी सहमत, कारण असं:

पट्टीच्या कडा वर येणं म्हणजे तिची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त ओली आहे. खालून फुगते, वरून तेवढी फुगत नाही, म्हणून वाटीसारखी वळते. हवेतल्या दमटपणाने असं झालं असतं तर खोलीभर थोडंथोडं दिसलं असतं. एकाच भिंतीलगत आठ-दहा पट्ट्या म्हणजे पाणी त्या भिंतीकडून खाली शिरतंय.

आता त्या अवस्थेत घासलं तर काय होईल? वर आलेल्या कडा कापल्या जातील. आज सपाट दिसेल, फोटोही छान येतील. काही आठवड्यांनी लाकूड वाळून मूळ आकारात परत जाईल तेव्हा कडा पातळ आणि मध्यभाग उंच, म्हणजे उलटी पन्हळ. ते नुकसान कायमचं. वाळल्यावर कदाचित आपोआप सरळ झाल्या असत्या त्या पट्ट्याही वाया. आणि तुमचा पुरावा भुशात.

तो हे मुद्दाम करतोय असं म्हणत नाही. पुष्कळांना खरंच माहीत नसतं.

लोण्याबद्दल: लोणा म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. ते नव्या सिमेंटच्या कामातूनही सुटतात, त्यामुळे "लोणा आहे म्हणजे ओल जुनी" हा निष्कर्ष कच्चा आहे. डागाला एकात एक कडी असतील, तर भिंत अनेकदा भिजून वाळली असं म्हणता येतं. तुमच्या डागाला कडी आहेत का?

आज रात्रीच एक करा. घरातले सगळे नळ बंद, मशिन बंद, फ्लशची टाकी भरलेली. पाण्याच्या मीटरचा आकडा फोटोत घ्या. सकाळी कुणी नळ उघडण्याआधी परत फोटो.

---

तिरकस_रेघ | सोमवार, रात्री १०:४१

"फुकट करून देतो" आणि "हप्ता मोकळा करा" ही दोन वाक्यं एका श्वासात आली की माझा हात आपसूक खिशावर जातो.

---

थापी | सोमवार, रात्री ११:१०

मी स्वतः हाच धंदा करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दगड मारायचे तर मारा.

एकदा एका घरी फक्त स्वयंपाकघराचा ओटा बदलला. महिन्याने फोन आला की हॉलच्या छताला भेग गेली, तुमच्या ब्रेकरने. भेगेत जाळी-जळमटं होती, रंगाचे दोन जुने थर आत उतरलेले होते. ताजी भेग आतून स्वच्छ आणि धारदार असते. पण हे मी सांगितलं कधी, तर भांडण होऊन गेल्यावर. शेवटी पदरचं घालून ती भरून दिली, कारण "ही आधीची आहे" हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून पहिली छिन्नी लावण्याआधी घरभर व्हिडिओ काढतो, मालकाला सोबत घेऊन. पलीकडच्या खोल्यासुद्धा, खालचं छतसुद्धा. मालकाला वाटतं हा माणूस फारच सावध आहे बुवा.

ताई, तुमच्याकडे कामाआधीचे काही फोटो आहेत? कुठलेही. वाढदिवसाचे चालतील, मागे भिंत दिसली म्हणजे झालं.

---

तिरकस_रेघ | सोमवार, रात्री ११:१८

कंत्राटदार आणि आयडी "थापी". थापा मारत नसावेत अशी आशा.

---

थापी | सोमवार, रात्री ११:२१

गवंड्याची थापी हो. हा विनोद तुम्ही नववे.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:०५

माणूस नको म्हणून रात्रीच कळवलं. आणि मीटर: रात्री साडेदहाला फोटो, सकाळी सहाला फोटो. आकडा ४१ लिटरने पुढे गेलाय!! कुणीही उठलं नव्हतं. डागाला कडी नाहीत, एकच सलग डाग. फोटो सापडला, कामाच्या दोन महिने आधीचा, पोरं जमिनीवर पत्ते खेळतायत. मागे तीच भिंत, तीच पट्टी, एकदम सपाट.

---

ओळंबा | मंगळवार, सकाळी ७:३०

मग प्रश्न निम्मा सुटला. गळती तीन प्रकारची असते आणि तिन्हींची वेळ वेगळी. सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर वापराच्या वेळीच गळतो. वॉटरप्रूफिंग फसलं असेल तर जमीन ओली असतानाच झिरपतं. कुणी वापरत नसताना रात्रभर चालू राहते ती दाबाखालची लाइन. मीटर हलला म्हणजे लाइन. फक्त फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह रात्रभर गळत नाही ना ते बघा: टाकीत खायचा रंग टाका, वीसेक मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर तो दोषी.

वॉटरप्रूफिंगची शंका कुणी काढलीच तर तिची चाचणी वेगळी. ड्रेन बुजवून जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी उभं करायचं, पातळीला खूण करायची, २४ तास थांबायचं. पण तुमच्या बाबतीत त्या आधी मुख्य कॉक बंद करा. गरजेपुरतं उघडा, परत बंद.

---

कलमबहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:१५

कॉक बंद करण्याला पुष्टी, आणि त्याचं कायदेशीर अंग. देशागणिक तपशील बदलतात, पण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी ज्याचं नुकसान होतंय त्याच्यावरही असते, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी सापडतं. गळती कळल्यावर महिनाभर तसंच चालू ठेवलं तर त्या महिन्याचं नुकसान मागता येणं कठीण. बंद केल्याची वेळ लिहून ठेवा.

दुसरं, त्याला लेखी कळवा. फोनवर नको. काय दिसलं, कधी दिसलं, मीटरचे दोन आकडे, आणि "अमुक तारखेपर्यंत येऊन पाहा व दुरुस्ती करा". दोष दूर करायची वाजवी संधी न देता परस्पर दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर पुढे तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. पत्रात "तुम्हीच केलंत" असं लिहू नका. अजून ते ठाऊक नाही. जे मोजलं तेवढंच लिहा.

तिसरं, हप्ता. सगळा अडवून ठेवण्याआधी करारात काय लिहिलंय ते बघा. दुरुस्तीच्या अंदाजाइतकी रक्कम, कारण लेखी देऊन, रोखणं हे बहुधा टिकतं. वादात नसलेल्या कामाचे पैसेही रोखले तर करार तुम्हीच मोडलात असं तो म्हणू शकतो. आणि "काम पूर्ण, तक्रार नाही" असा कागद पुढे आला तर सही नको.

---

मृदगंधा | मंगळवार, दुपारी १२:४०

वाचते आहे. आमच्याकडे वेगळाच प्रकार झाला होता. टाइल्सवरचा सिमेंटचा पातळ थर काढायला माणसाने ॲसिड वापरलं. संगमरवराच्या उंबऱ्यावर ओघळ गेला, तिथली चमक कायमची गेली, कारण संगमरवर ॲसिडमध्ये चक्क विरघळतो. त्याहून गंमत म्हणजे आठवडाभरात बंद खोलीतल्या स्टीलच्या वस्तूंवर तांबूस ठिपके, ज्यांना कुणी हातही लावला नव्हता. ॲसिडच्या वाफेने. तो म्हणाला, "स्टीलला कधी गंज लागतो का?" ते सिद्ध करता करता माझी पुरेवाट झाली.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ८:५०

टाकीत रंग टाकून पाहिला, भांड्यात उतरला नाही. पत्र पाठवलं. उत्तर: "टेस्ट पास झाली होती. नंतर काय झालं त्याला मी जबाबदार नाही." सोबत टेस्टचा फोटो, त्यावर तारीख आहे.

फोटो खरा वाटतोय. आता?

---

थापी | मंगळवार, रात्री ९:३०

तारीख आहे ना? छान. त्या तारखेनंतर भिंतीत काय काय झालं त्याची यादी काढा.

प्रेशर टेस्ट म्हणजे लाइन पाण्याने भरून रोजच्या दाबापेक्षा जास्त, साधारण दीडपट दाब देऊन थांबायचं आणि काटा खाली येतो का बघायचं. ती टाइल्स लावण्याआधी करतात आणि तेव्हा ती पास होणं शक्यच आहे. त्या दिवसापुरतं ते प्रमाणपत्र. नंतर टाइल्स लागल्या. मग भिंतीत भोकं कुणी पाडली? टॉवेलची दांडी, हूक, आरसा.

माझा पैसा आरशाच्या कपाटावर.

स्क्रू प्लास्टिकच्या पाइपात घुसला तर पाणी लगेच उसळतंच असं नाही. पुष्कळदा स्क्रूच भोक बंद करून बसतो. मग पाइप तापतो, थंड होतो, स्क्रू गंजतो, आट्यांमधून थेंब थेंब सुरू होतं. मी असे स्क्रू कितीतरी काढलेत. काही वर्षांनी उघडकीला येतात, काही पंधरा दिवसांत.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४४

टेस्टनंतर बारा दिवसांनी कपाट लागलं. आणि ज्या पट्ट्या वर आल्यात त्या बरोबर कपाटाच्या पलीकडच्या अंगाला. अंगावर काटा आला.

---

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:०५

तरीही हा अंदाजच आहे, भिंत उघडेपर्यंत. आणि भिंत उघडणं हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग, कारण ज्या कृतीने पुरावा दिसतो तिनेच तो नष्टही होतो. एकदा पाइप बदलून टाइल बसवली की मग राहतं फक्त तुमचं आणि त्याचं तोंड.

त्यामुळे त्याला लेखी वेळ द्या, समोर बोलवा. एकट्याने उघडू नका आणि त्याच्या माणसालाही एकट्याने उघडू देऊ नका. शक्य असेल तर दोघांनाही चालेल असा एक तिसरा माणूस, ज्याची फी निम्मी निम्मी. प्रत्येक बाजूने आपापला तज्ज्ञ आणला की दोन अहवाल होतात आणि भांडण अहवालांमध्ये सुरू होतं.

उघडताना सलग व्हिडिओ. आधी कपाट काढा, स्क्रूंना क्रमांक द्या, कुठला ओला आहे बघा. शेजारी मोजपट्टी धरून फोटो. मग टाइल. पाइप कापावा लागला तर दोन्हीकडे वीतभर सोडून कापा आणि तो तुकडा तुम्ही ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर नुसता आकडा घेऊ नका, घरातल्या दुसऱ्या कोरड्या भिंतीचाही घ्या आणि तुलना करा. क्षार असतील तर टोचायची यंत्रं फुगीर आकडा दाखवतात.

---

उंबरठा | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

उघडलं. तो आला होता, आणि दोघांना मान्य असा एक निवृत्त अभियंताही.

चौथा स्क्रू. थेट पाइपात. बाहेर काढला तर निम्मा तांबडा झालेला, आणि काढताच पाण्याची बारीक चिळकांडी. कंत्राटदार गप्प. मग म्हणाला, "कपाट सुताराने लावलं. तो माझा माणूस नाही."

आणखी दोन गोष्टी, दुसरी मला लिहायला आवडत नाहीये.

एक: पाइप नळापासून सरळ वर न जाता तिरका गेलाय. अभियंत्यांनी त्याचे वेगळे फोटो घेतले.

दोन: कपाट कुठे लावायचं ती जागा मीच दाखवली होती. सुतार म्हणाला होता, "इथे पाइप नाही ना?" मी म्हटलं, "नसावा, नळ तर तिकडे आहे."

---

तिरकस_रेघ | शुक्रवार, सायंकाळी ६:५५

प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आदर. पण मग थोडी जबाबदारी तुमचीही नाही का? सुताराने विचारलं, तुम्ही "नसावा" म्हणालात.

---

थापी | शुक्रवार, सायंकाळी ७:२०

नाही पटत. आरसा किती उंचीवर हवा हे मालकाने सांगायचं. तिथे भोक पाडता येतं का हे भोक पाडणाऱ्याने बघायचं, त्यासाठी भिंतीतले पाइप-वायर शोधायचं यंत्र मिळतं. मालकाला विचारणं म्हणजे पेशंटला विचारून इंजेक्शन टोचण्यासारखं. आणि ताईंचा अंदाज चुकला का? नळाच्या बरोबर वर आणि आडव्या रेषेत पाइप असणार असं धरून आम्ही सगळेच चालतो. तो धंद्याचा अलिखित करार आहे. पाइप तिरका टाकला की तो करार मोडला, पुढच्या प्रत्येकासाठी सापळा लावला. पाइप वाचवायला तिरका टाकतात, एखादा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, वाचतो, बस.

टाइल लावण्याआधी उघड्या पाइपांचा एक फोटो मोजपट्टीसकट मालकाला दिला असता तर हा धागा निघालाच नसता.

---

कलमबहाद्दर | शुक्रवार, रात्री ८:१०

सुतार कुणाचा? तीन गोष्टी बघा: त्याला बोलावलं कुणी, पैसे कुणी दिले, कोटेशनमध्ये कपाट लावणं होतं का. कंत्राटदाराने ते काम अंगावर घेतलं असेल तर त्याने ते कुणाकडून करून घेतलं हा त्याचा घरचा मामला. तुमच्याशी करार त्याचा आहे. त्याने सुताराकडून वसूल करावं.

"नसावा" या शब्दाचं वजन अगदीच शून्य नाही, समोरचा वकील ते उचलेल. काही टक्के कापले गेले तर आश्चर्य मानू नका. पण तिरक्या पाइपमुळे तेही हलकं होतं.

---

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:३२

कोटेशनमध्ये "आरसा कपाट बसवणे" अशी ओळ आहे. आणि त्याचा मेसेज सापडला: "उद्या सुतार पाठवतो, ११ ला येईल."

---

निवांत | शुक्रवार, रात्री ८:३४

:)

---

तिरकस_रेघ | शनिवार, सकाळी १०:००

अवांतर: हा वाद किती जुना? बाबिलोनच्या हॅमुराबीची संहिता, इ.स.पू. १७५० च्या आसपासची, ज्या शिळेवर कोरलीय ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात घर बांधणाऱ्यावर कलमंच्या कलमं आहेत. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, ते सोडा. मला आवडलं ते त्यानंतरचं एक कलम: घर पडून मालमत्तेचं नुकसान झालं तर ती भरून द्यायची, आणि घरही स्वखर्चाने पुन्हा बांधायचं. दोन वेगळी खाती! शेवटचा हप्ता आधी द्यायचा की नंतर, त्याबद्दल मात्र हॅमुराबी गप्प.

---

कलमबहाद्दर | शनिवार, सकाळी १०:४५

अवांतर नाही, हे तर मर्म आहे. आजचा विमासुद्धा याच दोन खात्यांवर चालतो. कंत्राटदाराचा दायित्व विमा असेल तर तो साधारणपणे दुसऱ्याच्या मालमत्तेला झालेलं नुकसान देतो, म्हणजे तुमचं फ्लोअरिंग आणि भिंत. त्याचं स्वतःचं निकृष्ट काम पुन्हा करायचा खर्च, म्हणजे तिरका पाइप सरळ करणं, बहुधा देत नाही. ते त्याने खिशातून करायचं. म्हणून मागणी करताना दोन तक्ते करा. एकत्र आकडा दिलात तर विमा कंपनी अख्खाच बाजूला ठेवेल.

तुमच्या घराचा विमा असेल तर तिथेही बघा. अनेक पॉलिसींमध्ये अचानक फुटलेला पाइप चालतो, हळूहळू झिरपलेलं चालत नाही. जे खरं तेच लिहा, पण गळती कधी सुरू झाली हे ठाऊक नसताना "गेले कित्येक दिवस" असं सवयीने लिहू नका.

---

उंबरठा | रविवार, रात्री ९:१५

दोन तक्ते करून पाठवले. पाइप आणि टाइल्स त्याने लगेच मान्य केल्या. फ्लोअरिंगवर गाडी अडली. मी सगळ्या खोलीचं मागितलं, कारण दहा पट्ट्या बदलल्या तर त्या रंगाच्या आता मिळत नाहीत, ठिगळ दिसेल. तो म्हणतो दहाच देतो, आणि त्याही बारा वर्षं वापरलेल्या, नव्याचे पैसे का देऊ?

---

थापी | रविवार, रात्री ९:४०

धंदेवाला म्हणून सांगतो, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. जुन्याच्या बदल्यात कोरं मिळालं तर तुमचा फायदा झाला, तेवढी घट धरली जाते. पण ठिगळ हेही नुकसानच आहे, आणि मजुरीवर घट धरायचं कारण नाही. लाकूड जुनं झालं, ते उखडून बसवायची मेहनत जुनी होत नाही. शिवाय भरीव लाकूड असेल तर त्याचं आयुष्य बाराच्या कितीतरी पुढे असतं. किती वर्षं धरायची यावर घासाघीस करा, "जुनं आहे" एवढ्यावर नको.

---

ओळंबा | रविवार, रात्री १०:१०

मी म्हणतो आत्ता आकडाच ठरवू नका. खाली कोबा ओला आहे. पाच सेंटिमीटरपर्यंतचा कोबा दर मिलिमीटरला सुमारे एक दिवस या हिशेबाने वाळतो, तेही हवा खेळती असेल तर. तोवर नवीन लाकूड टाकलं तर तेही वळेल. एक-दोन पट्ट्या काढून हवा जाऊ द्या, भिंतीलगत पंखा ठेवा, आठवड्याला एक दिवस ठरवून त्याच जागी मोजा. काही पट्ट्या परत बसतील. "लाकूड वाळल्यावर जे बिघडलेलं राहील त्यावर हिशेब करू" एवढं लेखी घ्या, आणि "संपूर्ण व अंतिम तडजोड" असे शब्द असलेल्या कागदावर तोवर सही नको.

---

उंबरठा | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय. त्याने ते लेखी दिलं. त्याचा एक माणूस दर रविवारी येतो, माझ्या समोर मोजतो, दोघं वहीत सही करतो. सहा पट्ट्या जवळजवळ सपाट झाल्यात. चार नाहीत, त्यातल्या दोन फाटल्यात. त्या चार तो बदलणार, आणि मग कोबा पूर्ण वाळल्यावर खोलीभर एकदा घासून एकसारखं पॉलिश. म्हणजे पहिल्या दिवशी जे फुकट देत होता तेच, पण आता वेळेवर. सुताराबरोबर त्याचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही. हप्त्यातला बिनवादाचा भाग देऊन टाकला.

---

थापी | रविवार, दुपारी १२:०५

आणि तो चौथा स्क्रू?

---

उंबरठा | रविवार, दुपारी १२:११

डबीत. पाइपच्या तुकड्यासकट. कपाटात ठेवलीय, त्याच कपाटात.